भिंगारच्या खाला आणि खडकावरची पँट

उभ्या माणसाचं माप खालांनी कधी घेतलं नाही. एखादी नवी बाई ब्लाऊजपीस घेऊन यायची, पदर सारखा करून, श्वास रोखून, फोटोला उभी राहावी तशी उभी राहायची. खाला टेप गळ्यातच ठेवून म्हणायच्या, "अशी किती वेळ राहशील? पोळ्या लाट." बाई गोंधळायची. "लाट की. समज, समोर पोळपाट हाय." मग ती बिचारी हवेत पोळ्या लाटायची, वरच्या फळीवरचा डबा काढायची, वाकून केर काढायची, आणि तिच्या मागंपुढं फिरत खाला मापं घ्यायच्या. नव्या नवऱ्या मुली तर हसून हसून बेजार व्हायच्या. पण त्यांच्या हातचा ब्लाऊज काखेत उसवल्याचं मी भिंगारात कुणाकडून ऐकलं नाही.

दुकान भिंगारच्या जुन्या बाजारात एका गल्लीच्या तोंडाशी होतं. दुकान म्हणजे राहत्या खोलीचा पुढचा अर्धा भाग. मागच्या अर्ध्यात त्या एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. पाटीवर नुसतं 'लेडीज टेलर'. नाव लिहायचं राहून गेलं आणि मग गरजच पडली नाही. लष्करी क्वार्टर्समधल्या पंजाबी बायका, बाजारातल्या भाजीवाल्या, सावेडीहून मुद्दाम येणाऱ्या शिक्षिका, सगळ्या त्यांना खालाच, म्हणजे मावशीच, म्हणायच्या. उंच, किडकिडीत बाई. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं शिवणाचा दोरा बांधून तो कानाला अडकवलेला. ओढणीच्या काठाला ओळीनं टाचण्या टोचलेल्या. त्यामुळं प्रेम कितीही आलं तरी खालांना मिठी मारायची सोय नव्हती.

मी त्यांच्याकडे गेले ती लाजेपोटी. तेव्हा मी एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी करायचे आणि रविवारी गिर्यारोहणाच्या एका गटाबरोबर मांजरसुंब्याच्या बाजूला कडे चढायला जायचे. गट लहानसा. शाळेत पी.टी. शिकवणारे सर आमचे म्होरके, माझी मैत्रीण सुवर्णा, आणि कधी येणारी, कधी न येणारी चार-पाच मुलं. चढायला मला जमू लागलं होतं, पण पँट मिळत नव्हती. कॉलेजातली जीन्स घातली तर गुडघा वर येईना. पाय हातानं उचलून खाचेत ठेवावा लागे. मग बाजारातून स्वस्तातली ट्रॅकपँट आणली. आपल्याकडचा काळा खडक म्हणजे खोबरं खवायची खवणी. पहिल्याच घसरणीत ट्रॅकपँटचा कीस निघाला. शेवटी मन घट्ट करून ऑनलाइन एक खास चढाईची, उच्चार न येणाऱ्या नावाची पँट मागवली. किंमत सांगत नाही, आईला अजून माहीत नाही. ती कुणा सपाट, लांबट पुरुषासाठी बेतलेली असावी. कमरेत ढगळ, मांडीत घट्ट. एका रविवारी पंधरा फुटांवर मी डावा पाय लांब टाकला आणि मागून असा काही आवाज आला, की खाली माझा दोर धरून उभी असलेली सुवर्णा ओरडली, "दोर तुटला का गं?"

दोर शाबूत होता. त्या दिवशी मी नगरपर्यंत एसटीत कमरेला सरांचं जाकीट बांधून, खिडकीला पाठ लावून उभ्यानं आले. बसायला भरपूर जागा होती.

आई म्हणाली, "भिंगारच्या खालांकडे जा. त्यांनी शिवलेला माझा ब्लाऊज तुझ्या बारशापासून आहे."

खालांनी ती फाटकी पँट उजेडात धरली आणि डॉक्टर एक्स-रे बघतात तशी बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, "हे फाटलं न्हाई बेटा. हे चिडलंय. पाय कुटं जाणार ते कापडाला आधी कुणी सांगितलंच न्हाई."

"खाला, तुम्ही पँटा शिवता?"

"न्हाई."

"मग?"

"सलवार शिवते ना. आधी सलवार आली, पँट मागनं. बस खाली."

मला त्यांनी उकिडवं बसवलं. मग एक पाय स्टुलावर, मग तोच पाय शिलाई मशिनच्या टेबलावर, मग बाजूला, मग पंख्याकडे हात. दुकानात एक बाई लेकीच्या लग्नाचे ब्लाऊज न्यायला आली होती. ती डोळे विस्फारून बघत होती. खालांनी तिला समजावलं, "ही डोंगर चढती."

"देवीला का?"

"न्हाई. नुसतंच."

बाईनं माझ्याकडे अशा काही कणवेनं पाहिलं, की मला वाटलं आता ही माझ्यासाठी स्थळ सुचवणार.

कापड घ्यायला खाला मला नगरच्या कापड बाजारात घेऊन गेल्या. त्यांना लांबून येताना पाहिलं की तिथला दुकानदार भारीतली ठाणं आत न्यायला लागायचा. कारण खाला कापड हातानं बघायच्या नाहीत, दुकानाच्या दगडी पायरीवर घासून बघायच्या. आधी कोपरा नखानं खरवडायचा, मग पाणी लावून पिळायचा, मग उजेडात धरून विणीतून पलीकडचं किती दिसतं ते बघायचं. "उभं-आडवं सगळेच ओढतात," त्यांनी मला सांगितलं, "तू तिरकं ओढ. तिरकं ओढल्यावर जे परत जागेवर येतं ते कापड." दुकानदारानं लष्करी पद्धतीचं एक जाड, ठिपक्याठिपक्यांचं कापड पुढं केलं. मला ते फार आवडलं. खालांनी पायरीवर वीसेक वेळा घासलं आणि पांढरा पडलेला डाग माझ्या नाकापुढं धरला. "दिसायला सगळेच नवरदेव," त्या म्हणाल्या. मग सरळ मागच्या फळीकडे बोट केलं. तिथं शाळेच्या गणवेशाचं खाकी टेरिकॉट होतं.

"खाला, ते शाळेतल्या मुलांच्या चड्डीचं आहे."

"मग? त्याच्याइतका मार दुनियेत कोणत्या कापडानं खाल्लाय? घसरगुंडी, भिंत, झाड, मास्तरची छडी. वर्षभर टिकतं आणि मग धाकट्या भावाला जातं. भय्या, हे दे."

ऑनलाइन पँटेच्या किमतीत त्या कापडाच्या डझनभर पँटा झाल्या असत्या. दुकानदारानं सुटकेचा श्वास सोडला आणि भारी ठाणं परत बाहेर आणली.

चार दिवसांनी पँट तयार झाली. सलवारीला दोन पायांच्या मध्ये जो चौकोनी तुकडा जोडतात, त्याला खाला मियानी म्हणत. ती मियानी त्यांनी पँटेला बसवली होती, त्यामुळं चारही शिवणी एका जागी येऊन भांडत नव्हत्या. गुडघ्याला आतून दुहेरी कापड आणि बारीक चुण्या, म्हणजे पाय दुमडला की कापडाला जागा मिळावी. सगळीकडे दुहेरी शिलाई. कमरेला इलॅस्टिक नव्हतं, नाडी होती, कारण इलॅस्टिक "दोन धुण्यात म्हातारं होतं". आणि नाडीच्या दोन टोकांना, मी न सांगता, आपल्या हौसेनं, त्यांनी हिरवे जरीचे गोंडे लावले होते. "काय नुसती खाकी घालशील? पोरगी हायस," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मी त्या पँटेत कड्यावर चढले आणि पाय पहिल्यांदा डोक्याचं ऐकायला लागले. जिथं मनात येई तिथं पाऊल पडे. गटात माझं नाव 'कंडक्टर' पडलं, पण महिनाभरात सुवर्णानं तशीच पँट शिवून घेतली आणि मग एकेक करत मुलांनीही. खाला म्हणाल्या, "मी जेन्ट्सला हात लावत न्हाई." तेव्हा मुलांची मापं मी आणि सुवर्णानं घेतली आणि कागदावर नावाऐवजी 'पोरगी नंबर तीन', 'पोरगी नंबर चार' असं लिहून नेली. खालांनी कागद बघितला. "ही पोरगी नंबर चार लई जेवती," एवढंच म्हणाल्या आणि पँटा शिवायला घेतल्या.

खालांच्या समोर, गल्लीच्या पलीकडे, एक जेन्ट्स टेलर होते. जाडजूड गृहस्थ, सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. मुलं पँटा न्यायला खालांच्या दारात दिसू लागली, तसं मास्टरांनी एक दिवस पानाच्या टपरीवर सर्वांदेखत म्हटलं, "पँट शिवणं हे काय बायकांचं काम हाय का?" खालांपर्यंत ते पोचायला पाच मिनिटंही लागली नसतील. त्या दिवसापासून त्यांनी मास्टरांशी बोलणं टाकलं. गल्ली आठ फुटांची. दोघांची मशिनं समोरासमोर. तरी वर्षानुवर्षं एक शब्द नाही. मास्टरांच्या दुकानातली वीज गेली की खाला मात्र मोठ्यांदा, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायच्या, "आमच्याकडं हाय बाई."

मग तो डिसेंबरातला रविवार आला. आम्ही साठ फुटांच्या कड्यावरून दोरानं उतरत होतो. उतरताना दोर कमरेला आणि मांड्यांना आवळलेल्या पट्ट्याला लावलेल्या धातूच्या कडीतून सरकतो. आपण तो हळूहळू सोडत, पायांनी कड्यावर चालत खाली यायचं. मी निम्म्यावर आले आणि कडी अडली. बघते तर हिरवा गोंडा दोराबरोबर कडीत शिरलेला. ओढला तसा नाडीसकट आणखी आत गेला. माझं सगळं वजन त्या गाठीवर आलं आणि पट्टा पोटात रुतायला लागला.

"कशाला हात लावू नकोस!" वरून सर ओरडले. "काही ओढू नकोस!"

दुसरा दोर लावून सर माझ्यापर्यंत पोचेस्तोवर पाऊण तास गेला. पायांना मुंग्या आल्या, मग पाय आहेत की नाहीत ते कळेना. खाली तीस फूट आणि दगड. मला तोवर उंचीची भीती कधी वाटली नव्हती. त्या पाऊण तासात वाटली. मी आईला काय सांगायचं त्याची मनात तयारी करत होते आणि मधेच रडत होते. सरांनी आधी मला स्वतःच्या दोराला अडकवलं, माझा दोर सैल झाल्यावर खिशातल्या चाकूनं गोंडा कापला. एरवी सर फार बोलतात. तेव्हा फक्त म्हणाले, "नाडी?"

खालांना सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्या आठवड्यात तीच पँट घालून दुसरं काही काम घेऊन गेले तर त्यांची नजर थेट कमरेला. "गोंडा कुटाय?"

मी गंमत म्हणून सांगायला सुरुवात केली. खाला हसल्या नाहीत. फिरणारं चाक त्यांनी हातानं थांबवलं.

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"खाली किती हुतं?"

"तीस फूट. पण खाला, चूक माझीच. नाडी आत खोचायला हवी होती."

त्यांनी चष्मा काढला आणि मागच्या खोलीत गेल्या. पाण्याचा आवाज आला. बराच वेळ. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. "सगळ्या पँटा आन," म्हणाल्या. "आजच्या आज." मी, सुवर्णा आणि पोरगी नंबर तीन ते सात अशा सगळ्यांच्या पँटा गोळा करून नेल्या. दोन दिवस त्यांनी एकही ब्लाऊज घेतला नाही. लग्नसराईतल्या बायका दारातून परत गेल्या. खालांनी प्रत्येक पँटेची नाडी ओढून काढली, गोंडे कापून चुलीत घातले आणि मग रिकाम्या पँटा मांडीवर घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

"आता बटण लावा ना," मी म्हटलं.

"कुटं लावू? मला शिवायचं कळतं, लटकायचं कळत न्हाई. पट्टा कुटं येतो, कुटं खातो, काय म्हाईत हाय मला? कळत न्हाई तर गोंडा लावायचा कशाला मी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला लटकव."

"खाला!"

"वरडू नको. माप घ्यायचंय."

सरांना विचारलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. वय किती? बासष्ट. शुगर? आहे. डॉक्टरांना विचारलंय का? खालांनी विचारलं होतं. म्हणजे, त्यांच्या मते विचारलं होतं. "त्यानं जिना चढायला मनाई केलीया," त्यांनी सरांना फोनवर सांगितलं. "लटकायला केली न्हाई." शेवटी सरांनी स्वतः त्या डॉक्टरांची गाठ घेतली आणि जमिनीपासून तीन फूट, दहा मिनिटं, एवढ्याच बोलीवर हो म्हटलं.

मी खालांना माझ्या स्कूटीवर मागं बसवून नेलं. त्यांनी हातात डबा, पिशवीत खडू, टेप आणि एक घडीचं स्टूल घेतलं होतं. गल्लीत कुणीतरी विचारलं, खाला कुठं? "कामाला," त्या म्हणाल्या. कड्याखाली पोचल्यावर सरांनी नियमाप्रमाणे हेल्मेट दिलं. त्यांनी बुरखा काढून घडी घातली, मग ओढणी नीट आवळून वर हेल्मेट चढवलं. आत लांब कुर्ता, आणि कुर्त्याखाली, आम्ही सगळे बघतच राहिलो, तीच शाळेची खाकी पँट. स्वतःच्या मापाची शिवून आणली होती. "बघता काय? तिकडं तोंड करा," त्यांनी पुरुषमंडळींना हुकूम केला. सर आणि मुलं पाठ करून रांगेत उभी राहिली. पट्टा मी बांधला, दोर सुवर्णानं धरला, आणि सर कड्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत, आम्हाला मोठ्यांदा सूचना देत राहिले.

खालांचे पाय जमिनीवरून सुटले. तीन फूट. त्यांनी दोन्ही हातांनी दोर इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. मला वाटलं, उतरवावं. तेवढ्यात त्यांनी एक हात सोडला, खिशातून खडू काढला आणि स्वतःच्या मांडीवर रेघ मारली. "अगं, हे हितं खातंय. आणि ही शिवण पट्ट्याखाली येती, म्हणून सुवर्णाची मांडी सोलती. सांगितलं का न्हाई कुणी मला?" कमरेवर फुली, गुडघ्यावर गोल. गुडघ्याचं दुहेरी कापड आम्हाला हवं होतं त्याहून चार बोटं खाली आहे हेही त्यांना लटकल्यावर कळलं. सगळ्या खुणा करून झाल्या. मग त्यांनी मान वर केली, इकडं तिकडं बघितलं.

"हितनं भिंगार दिसतं का?"

"नाही खाला. तीन फुटांवरून नाही दिसत."

"मग अजून वर घे."

"सर?" सुवर्णानं विचारलं.

"तीन फूट ठरलंय," सर रस्त्याला म्हणाले.

"मास्तर," खाला वरून म्हणाल्या, "तुमी लेकरांना शाळेत असंच शिकवता का? निम्मं?"

सरांचे खांदे हलताना मागून दिसत होते. पंधरा फुटांपर्यंत त्यांनी परवानगी दिली. भिंगार तिथूनही दिसत नव्हतं. पण खालांनी ते दिसलं असं जाहीर केलं, मशिदीचा मिनार आणि मास्टरच्या दुकानाचा पत्रासुद्धा दिसला म्हणाल्या. आम्ही कुणीच वाद घातला नाही.

परत येताना डोंगरगणला चहाला थांबलो. खाला बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली बेटा, सुईकडं बघत बसलेय. मान वर करायचं कामच न्हवतं." आणि लगेच, "बिस्किट घे, बारीक झालीस. कंबर अर्धा इंच कमी करावी लागंल."

नव्या पँटेला पुढं काहीही लोंबत नव्हतं. चपटं बटण, तेही पट्ट्याच्या वर येईल असं. मागं तेवढं थोडं इलॅस्टिक, त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी खालांनी घेतली होती. दर वर्षी बदलून द्यायच्या. शिवणी मांडीच्या आतून काढून बाजूला नेलेल्या. पुढच्या हिवाळ्यात अकोले तालुक्यातल्या एका सुळक्यावर मी पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं, दोर घेऊन चढले. पाऊण तास लटकल्यापासून ज्या भीतीनं मला धरलं होतं ती वर पोचेपर्यंत माझ्याबरोबरच होती. पण चढताना एकदाही पँटेचा विचार मनात आला नाही. खाली आल्यावर खालांना फोन केला. त्या म्हणाल्या, "बस झालं मग."

चार वर्षांपूर्वी खालांची नजर मंदावली. साखरेनं डोळे धरले होते. सुईत दोरा ओवायला त्या शेजारच्या मुलीला हाका मारू लागल्या, मग एकदा बोट मशिनखाली गेलं. मुलगी नसीम सोलापूरहून आली आणि आता आईला घेऊनच जाणार म्हणून बसली. खालांनी महिन्याची मुदत मागितली. नसीमला वाटलं, सामान आवरायला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला आपलं स्टूल घेऊन गल्ली ओलांडून मास्टरांच्या दुकानात शिरल्या. मी त्यांनाच भेटायला आले होते, मागोमाग गेले. मास्टर कात्री हातात धरून उठून उभे राहिले.

"बसा," खाला म्हणाल्या. "कागद काढा. ल्ह्या."

"काय झालं खाला?"

"पोरींच्या पँटा. डोंगराच्या."

मास्टरांचा चेहरा लाल झाला. "मला शिकवता का आता? तीस वर्सं पँटा शिवतोय मी."

"मग कुनाला शिकवू? ह्या पोरी सोलापूरला येनार हायत का माझ्यामागं?" खालांचा आवाज एकदम खाली आला. "मास्टर, तुमचा हात चांगला हाय. मी रोज बघते हितनं. शिलाई सरळ हाय तुमची. नुसतं बसायला शिका."

मास्टरांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग टेबलाखालून कागद काढला. पुढचे तीन आठवडे खाला रोज त्यांच्या दुकानात बसत होत्या. पहिल्या दोन पँटा त्यांनी उसवायला लावल्या. तिसरीच्या वेळी त्या एवढ्या जाडजूड माणसाला स्वतः उकिडवं बसवलं, आणि मास्टर बसले, आणि उठता येईना म्हणून दोन गिऱ्हाइकांनी त्यांना हात दिला. चौथी पँट खालांनी सगळ्या शिवणींवरून बोट फिरवून तपासली. डोळ्यांनी नव्हे, बोटानंच. "ही द्या पोरीला," म्हणाल्या. निघायच्या दिवशी टेम्पोत मशिन चढवायला मास्टरच पुढं होते. मी रडत होते, तर खाला म्हणाल्या, "टाचन्या काढल्यात आज ओढनीच्या. ये." तेवढी एकच मिठी मला मिळाली.

गेल्या वर्षी, थंडीत, नसीमचा फोन आला. खाला झोपेतच गेल्या होत्या. मला आठवडाभरानं रजा मिळाली, तेव्हा मी सोलापूरला गेले. नसीमनं चहा केला, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. आम्ही बोलत होतो तेवढ्यात दारात सहा-सात मुली येऊन उभ्या राहिल्या. चौदा-पंधराच्या, अंगावर शाळेचे टी-शर्ट, खाली गुडघ्याला दुहेरी कापड लावलेल्या मरून पँटा.

"या खो-खोच्या मुली," नसीम म्हणाली. "अम्मीनं इथं आल्यावर महिनाभर मशिन उघडलं नाही. मग एक दिवस समोरच्या मैदानात या सूर मारताना दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयांना बोलावून घेतलं. दिसत नव्हतं तरी मला शेजारी बसवून, सांगून सांगून माझ्याकडून शिवून घेतलं. मी आयुष्यात कधी मशिनवर बसले नव्हते."

त्यातली एक मुलगी पुढं आली. "आज संध्याकाळी आमची मॅच आहे, शेजारच्या शाळेशी. टेलरआजी दर शनिवारी यायच्या. त्यांना नीट दिसायचं नाही, पण पंचांशी भांडायच्या." ती थांबली. "आज आमच्याकडून भांडायला कुणी नाही."

माझी परतीची गाडी पाचची होती. मी ती जाऊ दिली.

मैदान धुळीनं भरलेलं होतं. मुली सूर मारून पडत होत्या, उठत होत्या, पळत होत्या. मला खो-खोतलं फारसं कळत नाही. मी जन्मात कुणाशी चारचौघांत भांडलेले नाही, कंपनीत तर मला 'गरीब गाय' म्हणतात. पण दुसऱ्या डावात पंचांनी आमच्या एका मुलीला फाऊल दिला, ती मागं फिरली म्हणून, आणि मी बघितलं होतं, ती फिरली नव्हती. मी रेघ ओलांडून सरळ मैदानात गेले. "ती फिरली नाही! तुमचं लक्ष होतं का? पाय बघा तिचा, पाय!"

पंच मध्यमवयीन, घामेजलेले गृहस्थ होते. त्यांनी शिट्टी वाजवून खेळ थांबवला आणि माझ्याकडे वैतागून बघितलं. "तुम्ही कोण? आणि त्या आजी कुठंयत आज? त्यांना सांगा, माणसं पाठवू नका, स्वतः या."

त्या मघाच्या मुलीनंच त्यांना सांगितलं.

पंचांनी शिट्टी खिशात टाकली. मग रुमालानं कपाळ पुसलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बोला," म्हणाले. "काय चुकलं माझं?"